मॅचला आणि ड्यूटीला एकच पिस्तूल? कॉम्प-डॉटवालं पिस्तूल पारखून घेण्याची माझी पद्धत

भाचा डेप्युटी शेरीफ झाला त्याच आठवड्यात त्याचा फोन. "मामा, तू मॅचला जातोस तिथे लोकांकडे असतं ना, कॉम्पवालं, वर डॉट असलेलं? तसलं ड्यूटीला घेतलं तर चालेल का? म्हणजे दोन्हीकडे एकच."

मी टेक्सासमध्ये आठ वर्षं यूएसपीएसए या अमेरिकेतल्या नेमबाजी संघटनेच्या मॅचेस खेळतोय, तरी मला याचं धड उत्तर देता आलं नाही. मग एक उन्हाळाभर आम्ही मामा-भाचे दर शनिवारी सकाळी रेंजवर जाऊन एकाच जातीची दोन पिस्तुलं, एक कॉम्पवालं आणि एक साधं, शेजारी शेजारी चालवत बसलो. त्यात एक होल्स्टर फुकट गेलं, एक मॅच हातची गेली आणि गोळ्यांवर किती गेले ते घरी अजून सांगितलेलं नाही.

अगदी नवख्यांसाठी दोन शब्द. पिस्तुलाच्या तोंडाशी वरच्या बाजूला खिडक्या असलेला भाग म्हणजे कॉम्पेन्सेटर, बोलीत कॉम्प. गोळीमागून येणारा गरम वायू त्या खिडक्यांतून वर फेकला जातो, त्यामुळे तोंड खाली दाबलं जातं आणि उसळी कमी होते. ऑप्टिक्स-रेडी म्हणजे निशाण्यासाठी लाल ठिपका दाखवणारी काच, बोलीत डॉट, बसवण्यासाठी स्लाइडला (पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग) कारखान्यातच खाच पाडलेली असते.

## १. आधी कागद: तुम्हाला हात लावता येतो का?

आपल्या लोकांनी ही पायरी ओलांडून पुढे जाऊ नये. एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. अपवाद आहेत, त्यातला वैध शिकार परवान्याचा सगळ्यांना ऐकून माहीत असतो. पण ऐकीव माहितीवर जाऊ नका, वकिलाला विचारा. आणि "विकत कुठे घेतोय, रेंजवर भाड्याने चालवतोय" हा बचाव नाही. हातात घेतलं की तोही ताबाच. मंडळाच्या गणपतीत भेटलेला एक मुलगा मला मोठ्या हौसेने असे फोटो दाखवत होता. मी त्याला बाजूला घेऊन आधी ते फोटो काढून टाकायला आणि मग वकिलाला फोन करायला सांगितलं. ग्रीन कार्ड असेल तर ही आडकाठी नाही.

दुकानात लागतं ते असं:

- सध्याचा राहता पत्ता असलेलं राज्याचं ओळखपत्र. घर बदललंय आणि लायसन्सवर जुनाच पत्ता आहे, यावरून माणसं परत जाताना मी पाहिली आहेत. पोस्ट बॉक्सचा पत्ता चालत नाही.
- ग्रीन कार्ड असेल तर ते सोबत. फॉर्ममध्ये ए-नंबर लिहावा लागतो.
- फॉर्म ४४७३. तो दुकानातच भरायचा. त्यानंतर पार्श्वभूमीची तपासणी होते. खोटं उत्तर हा गंभीर गुन्हा आहे.
- वय २१ पूर्ण, आणि पिस्तूल आपल्याच राज्यातल्या दुकानातून.

तुमचं राज्य यावर आणखी काही मागेल. न्यू जर्सीत पिस्तूल खरेदीचा वेगळा परवाना लागतो आणि मॅगझिनला १० गोळ्यांची मर्यादा आहे. कॅलिफोर्नियात दुकानातून नवं पिस्तूल घ्यायचं तर ते राज्याच्या मंजूर यादीत असावं लागतं, आणि पुढे आटे पाडलेली नळी असलेलं पिस्तूल तिथे 'असॉल्ट वेपन'च्या व्याख्येत जाऊ शकतं. बरेच कॉम्प त्या आट्यांवरच बसतात. म्हणजे एडिसन किंवा सॅन होजेला राहत असाल तर टेक्सासवाल्याचा व्हिडिओ पाहून यादी करू नका.

एक सापळा अगदी घरगुती आहे. पैसे एकाचे आणि फॉर्मवर सही दुसऱ्याची, हे चालत नाही. भाच्याला मी खरीखुरी भेट देऊ शकतो. पण पैसे त्याने पाठवायचे आणि खरेदीदार म्हणून सही मी करायची, हा गुन्हा आहे.

## २. नियमपुस्तक आणि खात्याची यादी

दोन दगडांवर पाय ठेवायचा, तर दोन्ही दगड आधी पाहून घ्या.

यूएसपीएसएमध्ये कॉम्प म्हटला की मुक्काम ओपन डिव्हिजन, म्हणजे ओपन गट, हा वर्षानुवर्षांचा हिशेब आहे. कॅरी ऑप्टिक्स किंवा लिमिटेड ऑप्टिक्स या गटांत डॉट चालतो, कॉम्प नाही. स्लाइडमध्येच कोरलेले कॉम्प आल्यापासून यावर बरीच खडाजंगी झाली, म्हणून घेण्याच्या दिवशी चालू नियमपुस्तक उघडून बघा. आयडीपीए आणि आयपीएससी या दुसऱ्या संघटनांचे नियम आणखी वेगळे आहेत.

ओपनमध्ये गेल्यावर काय होतं? तिथली पिस्तुलं मुद्दाम शर्यतीसाठी बनवलेली असतात. १७१.२५ मिलिमीटर लांबीची मॅगझिन्स, फ्रेमवर पक्का बसवलेला डॉट आणि 'मेजर' ताकदीच्या गोळ्या. तुमची दुकानातली साधी ९ एमएम गोळी 'मायनर' धरली जाते. कागदी लक्ष्याच्या मधल्या भागाला, म्हणजे ए झोनला, दोघांनाही ५ गुण, पण सी झोनला त्यांना ४ आणि तुम्हाला ३, डी झोनला त्यांना २ आणि तुम्हाला १. ड्यूटीचं पिस्तूल घेऊन तिथे उतरणं म्हणजे रोजची सायकल घेऊन घाटाच्या शर्यतीत जाणं. मजा येते, पण निकालाच्या यादीत स्वतःचं नाव खालून शोधावं लागतं.

खात्याकडचा प्रश्न सोपा आणि उत्तर कोरडं असतं. मंजूर पिस्तुलांची यादी असते, मंजूर डॉटची असते, होल्स्टरचीही असते. ट्रिगर किती हलका चालेल, सुटे भाग बदलता येतात का, हे लेखी मागा. भाच्याच्या प्रशिक्षकाने तोंडी सांगितलं होतं, "बहुतेक चालेल." आम्ही त्या 'बहुतेक'वर होल्स्टर घेतलं. नंतर लेखी उत्तर आलं तेव्हा त्यात कॉम्प नव्हता.

## ३. कॉम्प कोणत्या जातीचा?

दिसायला सगळ्यांना वर खिडक्याच असतात. आतली रचना तीन-चार प्रकारची.

पहिला प्रकार म्हणजे नळीलाच भोकं आणि वर स्लाइडला जुळणाऱ्या खाचा. ग्लॉकची जुनी 'सी' मॉडेल्स अशी आहेत. गोळी नळीत असतानाच वायू निसटतो, म्हणून वेग थोडा घटतो. दुसरा म्हणजे नळी आखूड ठेवून पुढे वाढवलेल्या स्लाइडमध्येच खिडक्या. सिगचं पी३६५ एक्स-मॅक्रो या जातीचं. यात वेगळा तुकडा नसतो, सैल होणार काय? तिसरा, नळीच्या टोकाशी पक्का केलेला कॉम्प, स्टॅकॅटो एक्ससीसारखा. उसळी सर्वांत छान याच जातीत मरते, किंमतही तशीच. आणि चौथा म्हणजे आट्यांवर पिळून बसवायचा बाजारातला कॉम्प. मॅचसाठी खुशाल लावा. ड्यूटीच्या पिस्तुलावर मी तो लावू देणार नाही, कारण पिळून बसवलेली वस्तू कधीतरी पिळून सुटते.

नळीच्या टोकाला वजन लागलं की नळी उघडायला वेळ लागतो, आणि वर जाणारा वायू स्लाइडचा मागे येण्याचा वेगही खातो. यावरच पाचवी पायरी उभी आहे.

## ४. डॉट बसवताना

'ऑप्टिक्स-रेडी' या शब्दावर विसंबू नका. प्रत्येक डॉटच्या बुडाचा आकार निराळा: आरएमआरचा एक, डेल्टापॉइंट प्रोचा दुसरा, एक्रोचा तिसरा. कुठला थेट बसतो आणि कुठल्याला मध्ये प्लेट लागते ते आधी विचारा. माझं मत, थेट बसत असेल तर थेट. प्लेट म्हणजे आणखी दोन स्क्रू, आणि स्क्रू हेच या धंद्यातलं खरं दुखणं.

मला ते मॅचमध्ये समजलं. चौथ्या स्टेजला (मॅचचा एक टप्पा) १५ यार्डांवरचे दोन कागद मी अगदी नीट मारले, निदान मला तसं वाटलं. मोजायला गेलो तर चारही गोळ्या डावीकडे, दोन तर कागदाबाहेर. वीस गुण दंड. डॉट बोटाने हलवला तर तो मान हलवल्यासारखा डुलला. प्लेट कोणाची होती ते जाऊ द्या, बसवली मीच होती, अंदाजाने, साध्या पान्याने.

तेव्हापासून हा क्रम मोडत नाही:

- खाच, प्लेट आणि स्क्रू स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडे करायचे. तेलाचा थेंब राहिला तर थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव) धरत नाही.
- स्क्रूची लांबी तपासायची. काही पिस्तुलांत उजवीकडचा स्क्रू जरा लांब झाला तर खाली एक्स्ट्रॅक्टरच्या (टरफल बाहेर ओढणारा आकडा) भागाला टेकतो आणि टरफलं अडकू लागतात. मग माणूस कॉम्पला दोष देत बसतो.
- थ्रेडलॉक एकच टिपका. इंच-पाउंडात मोजणाऱ्या टॉर्क ड्रायव्हरने, बनवणाऱ्याने दिलेल्या आकड्यापर्यंतच आवळायचं.
- स्क्रूच्या डोक्यावरून स्लाइडवर पेंट मार्करची बारीक रेघ. रेघ तुटली की स्क्रू फिरला, हे लांबूनही दिसतं.

उघडा डॉट की बंद? कॉम्पवाल्या पिस्तुलावर माझा कौल बंद काचेच्या डॉटला. खिडक्यांतून उडालेली काजळी मागे डॉटच्या पुढच्या काचेवर बसते. शंभरेक गोळ्यांनंतर भाच्याने काच बोटाने पुसली, तर बोटावर काजळ घातल्यासारखा डाग आणि काचेवर राखाडी ढग. डॉट त्यातूनही दिसतो, कडा मात्र पिंजारतात. उघड्या डॉटमध्ये पाऊस किंवा कचरा आत दिव्यापाशी जाऊ शकतो, तिथे ठिपकाच गायब होतो.

बॅटरी मी दरवर्षी खंडेनवमीला बदलतो, पूजेला सगळं बाहेर काढलेलंच असतं. डॉटची बॅटरी बुडाशी असेल तर डॉट उतरवावा लागतो, म्हणजे परत टॉर्क आणि परत झिरो (ठिपका आणि गोळी लागण्याची जागा जुळवणं). घेतानाच पाहून ठेवा.

झिरो २५ यार्डांवर, टेकू लावून. डॉट नळीच्या वर असतो, त्यामुळे अगदी जवळ, दोन-तीन यार्डांवर गोळी साधारण इंचभर खाली लागते. ते बिघडलेलं नाही.

## ५. गोळ्या: सगळं इथेच ठरतं

कॉम्प वायूवर चालतो. वायू भरपूर आणि दाब जास्त, तर कॉम्प काम करतो. दुकानातली सगळ्यात स्वस्त, मऊ सरावाची गोळी घातलीत तर कॉम्प नुसता दागिना.

आम्ही तीन प्रकार वापरले: ११५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) सरावाची गोळी, १४७ ग्रेनची संथ मॅचची, आणि १२४ ग्रेनची प्लस-पी, जी खात्याची ड्यूटीची गोळी आहे. ९ एमएमची साधी कमाल मर्यादा ३५,००० पीएसआय, प्लस-पीची ३८,५००. फरक हाताला लगेच कळला. प्लस-पी घातल्यावर साधं पिस्तूल टणकन उसळायचं, कॉम्पवाल्याचा ठिपका मात्र डॉटच्या काचेतच छोटी उभी रेघ काढून परत यायचा. १४७ ग्रेनला डोळे मिटून दोन्हींतला फरक सांगता आला नसता.

उलटी बाजूही लिहितो. त्याच मऊ गोळ्यांवर नवं कॉम्पवालं पिस्तूल पहिल्या दोनशे गोळ्यांत पाच वेळा अडकलं. रिकामं टरफल स्लाइडमध्ये उभं, धुराड्यासारखं. साधं एकदाही नाही. हलकी रिकॉइल स्प्रिंग घातली की हे जातं, पण मग प्लस-पीला स्लाइड जोरात आपटते. मॅचला एक स्प्रिंग आणि ड्यूटीला दुसरी असं करायची वेळ आली की समजा, 'एकच पिस्तूल' ही कल्पना तिथेच संपली.

मॅचवाल्यांनी क्रोनोग्राफवरून (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) दहा गोळ्या काढाव्यात. पॉवर फॅक्टर म्हणजे गोळीचं वजन ग्रेनमध्ये गुणिले वेग फूट प्रति सेकंदात, भागिले हजार. मायनरला १२५ लागतात. १२४ ग्रेनला १,०१० फूट मिळाले तर १२५.२, म्हणजे काठावर. थंडीच्या सकाळी तो आकडा खाली येऊ शकतो. मी १३० च्या आसपास राहतो. आखूड किंवा भोकांच्या नळीत डब्यावरचा वेग मिळेल असं धरून चालू नका.

उघड्या शिशाच्या गोळ्या कॉम्पमध्ये नकोत. खिडक्यांच्या कडांवर शिसं साचतं आणि कण उडतात. पातळ मुलाम्याच्याही जपून.

## ६. टायमर लावून पाहा, मनाला विचारू नका

कॉम्पवालं पिस्तूल इतकं मऊ वाटतं की वेग वाढलाच असं मन सांगतं. शॉट टायमर घ्या आणि बिल ड्रिल करा: ७ यार्ड, होल्स्टरमधून काढून सहा गोळ्या, सगळ्या ए झोनमध्ये. प्रत्येक पिस्तुलाने दहा वेळा, आलटून पालटून, नाहीतर दुसऱ्याच्या वेळी हात दमलेला असतो.

मॅचच्या गोळीवर माझा दोन गोळ्यांमधला सरासरी वेळ साध्याने ०.२२ सेकंद, कॉम्पने ०.२०. भाच्याचा ०.२७ आणि ०.२६. त्याची पकडच अजून ढिली होती. ढिल्या मनगटाला कॉम्प फारसं तारत नाही.

आता त्या ०.०२ चा हिशेब मांडू. ३२ गोळ्यांची मोठी स्टेज, सगळे ए, म्हणजे १६० गुण. २० सेकंदांत केली तर हिट फॅक्टर, म्हणजे गुण भागिले सेकंद, ८.००. सोळा जोड्यांत ०.०२ वाचले म्हणजे ०.३२ सेकंद, आणि हिट फॅक्टर ८.१३. त्या घाईत दोन ए चे सी झाले की १५६ गुण आणि ७.९३. म्हणजे साध्या पिस्तुलापेक्षाही खाली! एक मॅगझिन बदलताना चाचपडलात तरी एवढं जातं. हे गणित मी भाच्याला रेंजच्या पार्किंगमध्ये पिझ्झाच्या खोक्यावर करून दाखवलं. त्याने खोका घरी नेला.

## ७. ड्यूटीच्या चाचण्या

मॅचमध्ये पिस्तूल अडकलं तर गुण जातात. ड्यूटीचं मोजमाप वेगळं, म्हणून या चाचण्या साध्या पिस्तुलावरही करा.

ड्यूटीच्या गोळ्या. खात्याच्याच गोळ्या, किमान दोनशे, मध्ये न पुसता. एकदाही अडकलं तर कारण शोधायचं आणि मोजणी शून्यापासून. हा खर्च टाळायची युक्ती मला सापडलेली नाही.

एका हाताने. डाव्या हाताने, मनगट मुद्दाम सैल सोडून दोन मॅगझिन्स. जखमी माणूस घट्ट पकडत नसतो. आमचं कॉम्पवालं प्लस-पीवर इथे पास झालं, सरावाच्या गोळीवर नापास.

अंगालगत. झटापटीत पिस्तूल बरगडीशी धरून चालवावं लागतं. तेव्हा वर जाणारा वायू चेहऱ्याच्या दिशेने येतो. ही चाचणी प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच, पूर्ण चेहऱ्याची ढाल लावून. भाच्याच्या ढालीवर हनुवटीच्या उंचीला काळे ठिपके उमटले होते. त्या एका गोष्टीनंतर त्याचे प्रश्न बदलले.

अंधारात. वर उडणारा जाळ डॉटच्या खिडकीसमोरच चमकतो. ड्यूटीच्या गोळ्यांत जाळ कमी ठेवणारी दारू बहुधा असते, सरावाच्या गोळ्यांत नसते, म्हणून ड्यूटीच्या गोळीनेच बघा.

होल्स्टर आणि टॉर्च. सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात महागडी चूक इथेच होते. पिस्तूल, कॉम्प, टॉर्च आणि डॉट या चारही गोष्टी एकत्र बसतील असं पक्क्या कुलपाचं ड्यूटी होल्स्टर आधी शोधा, पिस्तूल नंतर. आम्ही उलटं केलं. स्लाइड कॉम्पमुळे लांबली होती आणि होल्स्टरच्या तळाला अडत होती. पिस्तूल आत जायचं, कुलूप मात्र लागायचं नाही. टॉर्चच्या काचेवरही काजळी बसते, तीही पुसायच्या यादीत घ्या.

## ८. देखभाल

थोडक्यात: काच दर वेळी, कॉम्पच्या खिडक्या पाचेकशे गोळ्यांनी, रिकॉइल स्प्रिंग बनवणाऱ्याच्या वेळापत्रकाने, पेंट मार्करची रेघ दर मॅचआधी. काजळी एकदा दगड झाली की खरवडताना जीव जातो.

भाच्याने शेवटी ड्यूटीला खात्याच्या यादीतलं साधं पिस्तूल घेतलं, वर बंद डॉट. कॉम्पवालं माझ्या तिजोरीत आहे. मी ते वर्षातून दोन-तीनदा ओपनमध्ये नेतो आणि मधल्या फळीत कुठेतरी संपतो. एरवी कॅरी ऑप्टिक्स, त्याच्याच जोडीच्या साध्या पिस्तुलाने.

आणि हो, रेंजची बॅग भारतात जाताना सामानाला वापरू नका. अस्तराच्या घडीत राहिलेलं एक काडतूस मुंबई विमानतळाच्या एक्स-रेत दिसलं तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदला जाऊ शकतो. मग सुट्टी पोलीस ठाण्यात आणि कोर्टात जाते. माझ्या जुन्या बॅगेच्या चेनच्या कप्प्यात एकदा दोन निघाली होती, निघण्याच्या आदल्या रात्री, बायकोने त्यात लोणच्याच्या रिकाम्या बरण्या भरताना.